अभेद्यला प्रश्न विचारणारा म्हातारा

"अहो, पण तो म्हातारा म्हणजे माझे बाबा आहेत!" गर्दीताई म्हणाली, आणि संपादकबाईंच्या खोलीत हशा पिकला. हसणारे दोघेच होते, बाई आणि लेखक, पण तेवढे पुरे होते.

'अभेद्य' या चित्रकथेच्या मासिकाचं ते कार्यालय. छातीवर ढाल रंगवलेला, तोंडावर मुखवटा चढवलेला अभेद्य दर महिन्याला शहर वाचवायचा. त्याला काढण्याचा मान मोठ्या चित्रकाराचा. त्याच्या मागे पळणारी, किंचाळणारी, टाळ्या पिटणारी माणसं मात्र हिने काढायची. गर्दी काढता काढता केस पांढरे झाले, खरं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची गर्दीताई झाली. मनाने चेहरे काढायला गेलं की ते एकाच पोत्यातल्या बटाट्यांसारखे दिसतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. मग तिने ओळखीपाळखीची माणसं गर्दीत कोंबायला सुरुवात केली. दूधवाली, गल्लीतला न्हावी, वरच्या मजल्यावरची भांडखोर बाई, कोणाला म्हणून सोडलं नाही. लोकांनाही त्याची मौज वाटायची. "ताई, या वेळी मला जरा पुढे उभं करा की," असं न्हावीच सांगून ठेवायचा.

बाबा निवृत्त मास्तर, विषय नागरिकशास्त्र. अंक घरी आला की ते तो पेपर तपासल्यासारखा वाचत. "तुझा मुखवटेवाला सज्जन आहे, मान्य," ते म्हणायचे. "पण उद्या चुकला तर त्याला घरी कोण पाठवणार? सत्ता दिली कोणी ते सोड, ती परत कशी घ्यायची ते सांग." गर्दीताईने हे चहा पिता पिता लेखकाला हसत हसत सांगितलं होतं. लेखक बेहद्द खूश झाला. गेल्या अंकात अभेद्यने चौकात कोणाला तरी परस्पर शिक्षा ठोठावली, तेव्हा गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने हात वर करून विचारलं, "तू चुकलास तर तुला थांबवायचं कोणी?" म्हातारा हवा म्हटल्यावर गर्दीताईच्या हातून आपसूक बाबाच उतरले, मोठ्या नाकासकट.

आता नव्या अंकात तो म्हातारा शत्रूचा हस्तक निघणार होता.

"मी चेहरा बदलून देते," गर्दीताई म्हणाली. "आज संध्याकाळच्या आत देते."

"असा मधेच चेहरा बदलला तर वाचक मला फाडून खातील," बाई म्हणाल्या. "आणि मोठ्या चित्रकाराने काढलेलं मुखपृष्ठ छापूनही झालंय. पानभर म्हातारा आहे, वर लाल अक्षरांत 'गद्दार'."

गर्दीताईने लेखकाकडे मोर्चा वळवला. "तो विचारतो ते चूक आहे का हो?"

लेखक पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. "चूक नाही. माझ्याकडे उत्तर नाही, हीच तर पंचाईत आहे. वाचकांची पत्रांवर पत्रं आली. अभेद्यला जाब विचारणारा हा कोण टिकोजीराव लागून गेला? उत्तर देता येत नाही त्याला गद्दार केलं की गोष्ट पुढे सरकते, ताई."

"पण बाबा रोज फिरायला जातात!"

"चित्रं कोण एवढी मनावर घेतं?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

मनावर घेणारे खाली रस्त्यावरच होते. अभेद्यचे मुखवटे दुकानांत मिळायला लागून काही महिने झाले होते. आधी चिल्ल्यापिल्ल्यांनी घातले, तोवर गंमत होती. मग चांगले घोडे झालेले पुरुष ते घालून टोळक्याने हिंडू लागले. शिस्त लावतो म्हणायचे. उलट बोलला म्हणून एका भाजीवाल्याची गाडी त्यांनी भर चौकात उलटी केली, तेव्हा पोलीस दुसरीकडे बघत उभा होता. कित्येकांना बरंच वाटलं, रस्ता मोकळा झाला म्हणून. खरं तर दुसऱ्या दिवशी तो भाजीवाला चौकात दिसला नाही तेव्हा गर्दीताईलाही क्षणभर बरंच वाटलं होतं, आणि आता त्याची तिला मनापासून लाज वाटत होती.

अंक घरी आला. बाबांनी मुखपृष्ठ हातभर लांब धरून पाहिलं.

"नाक झकास जमलंय. गद्दार कशासाठी?"

"गोष्टीला हवं होतं, बाबा."

"आणि प्रश्नाचं उत्तर?"

"दिलेलं नाही."

"मग नापास," म्हणून त्यांनी अंक मिटला. गर्दीताईला हसू येईना. "माझं चुकलं बाबा. थोडे दिवस बाहेर पडू नका, एवढं ऐका माझं," ती म्हणाली. बाबांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे न्हाव्याकडे दाढी करून घ्यायला गेले.

ते लगेच परतले. शर्टाची बाही खांद्यापाशी उसवली होती आणि दाढी तशीच होती.

"पडलात का कुठे?"

"पडलो नाही." मग चपला काढता काढता म्हणाले, "न्हावी म्हणाला, मास्तर, आज नको. मान वर करून बघितलंसुद्धा नाही बिचाऱ्याने."

त्या आठवड्यात जिन्याच्या भिंतीवर कोणीतरी ते मुखपृष्ठ चिकटवलं. दूधवाली घंटा न वाजवता पिशवी दाराला अडकवून जाऊ लागली. वाण्याकडे गर्दीताई उभी राहिली की आजूबाजूच्या बायका पदर, ओढणी, हातातली पिशवी, मिळेल ते तोंडापुढे धरायच्या. तिच्या गर्दीत आता कोणालाच यायचं नव्हतं.

रविवारी दुपारी तिने बाबांना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि स्वतःच त्यांची दाढी करायला घेतली. हा चेहरा तिने कागदावर कितीदा काढला होता, पण हाताला तो इतका मऊ आणि सैल लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. एक गाल झाला तोच जिन्यात पावलं वाजली. बरीच होती. ती चढत आली आणि त्यांच्याच दारापाशी थांबली.

कडी वाजली. "मास्तर आहेत का?" आवाज मुखवट्यातून घुमल्यासारखा येत होता, पण बोलणं अदबीचं होतं. तिला त्या अदबीचीच जास्त धडकी भरली.

"बाबा, मी सांगते तुम्ही नाही म्हणून," ती कुजबुजली.

"घरात असून नाही कशाला सांगायचं?" ते म्हणाले. मग वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात दाराकडे बघून ओरडले, "आहे! थांबा जरा!"

बाहेर एकदम शांत झालं.

"पुरी कर," बाबा हळूच म्हणाले. "अर्ध्या दाढीने मी कोणासमोर जात नाही. आणि हात स्थिर ठेव."

त्यांनी हनुवटी वर केली. तिने दुसऱ्या गालाला फेस लावला.