वेंडेल प्रुइटची दहा बोटं

तुम्ही एका बापाकडून त्याची मुलगी लिहून घेतलीत. आवाजही चढवला नाहीत, नुसता एक नियम पुढे सरकवलात. आणि त्या कामाला मला जुंपलंत. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, पण मी बोलतेय ते तुमच्याशीच.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. तुम्ही फक्त साक्षीला बसा.

मी एक जुनी शाईची पाटी आहे. अमेरिकेत, ओझार्कच्या डोंगरांतल्या एका लहानशा शेरीफ कचेरीत चाळीस वर्षं मी काउंटरवर स्क्रूने घट्ट बसवलेली आहे. अंग पितळेचं, लांबी वीतभर. माझ्यावर रबरी रुळाने काळी शाई पातळ पसरतात. मग माणसाचं एकेक बोट धरून नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवतात आणि तसंच जाड कागदावर उमटवतात. मोठ्या शहरांत या कामाला आता काचेची यंत्रं आली. आमच्याकडे अजून मीच. ठसे घेणारी ग्लेनिसबाई रोज संध्याकाळी मला पुसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिच्यासारखा ठसा दुसरीकडे उमटत नाही." ते ऐकून मी फुगायचे. आज मला त्या कौतुकाची किळस येते.

वेंडेल प्रुइट माझ्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. कोंबड्यांच्या खुराड्यामागे त्याने लावलेली गांजाची अकरा झाडं सापडली होती. सरकारी वकील मर्ल हॅस्केल दाराला टेकून सफरचंद खात होते.

"गुन्हा कबूल कर, पोरा," ते म्हणाले. "शिक्षा भोगून आलास की नोंद पुसली जाईल. माझा शब्द."

वेंडेलने कबूल केलं, चौदा महिने आत काढले. बाहेर येऊन तो गवंडी झाला. लग्न केलं. आधी डार्ला झाली, पुष्कळ वर्षांनी टेसी. टेसी तीन वर्षांची असताना बायको वारली.

मग आमच्या राज्याने औषधी गांजाला परवानगी दिली. गावातल्या पहिल्या गांजाच्या दुकानाचा परवाना मागायला, ठसे द्यायला, कोण आलं असेल? मर्ल हॅस्केल. वकिली सोडलेले, अंगात पांढराशुभ्र शर्ट.

"जग बदललं बघ, ग्लेनिस."

"जग तिथंच आहे, साहेब. तुम्ही तेवढे गल्ल्यामागे जाऊन बसलात."

त्यांची बोटं लोण्यासारखी मऊ होती. ग्लेनिसबाईने त्या दिवशी शाई जरा जास्तच घेतली. ठसे लिबलिबीत उमटले आणि वाचता येत नाहीत म्हणून महिन्याभराने परत आले. साहेबांना पुन्हा यावं लागलं. त्या पांढऱ्या बाहीवर मी असा डाग ठेवला की शर्ट गाडी पुसायला गेला असेल. मित्रांनो, हे वागणं चांगलं नव्हे. पण मला त्याचा पश्चात्ताप नाही.

टेसी नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला दिवसाला दहा-बारा फिट यायच्या. सगळी औषधं करून झाली होती. गांजाचं तेल देऊन बघा, असं डॉक्टर म्हणाले. एकाच्या जागी दोन डॉक्टरांनी सह्या दिल्या, कारण मूल अठराच्या आतलं असेल तर दोन लागतात. पण अठराच्या आत तेलाच्या परवान्याचं कार्ड मुलाच्या हाती देत नाहीत. त्याच्या वतीने आईबापाने किंवा कायदेशीर पालकाने नाव नोंदवायचं. वय एकवीस पूर्ण हवं आणि ठशांवरून गांजाचा गुन्हा सापडता कामा नये.

वेंडेल टेसीला खांद्यावर घेऊन आला. ती माझ्या काठावर बोटांनी ताल धरायची आणि म्हणायची, "काळी, काळी." बापाच्या बोटांच्या रेषा मात्र चुन्या-सिमेंटने पार झिजलेल्या. ठसे परत आले.

"तीन आठवडे चुन्याला हात लावू नकोस," ग्लेनिसबाई म्हणाली. "झोपताना मलम चोपड आणि हातात मोजे घाल."

"मोजे? मी काय राजकन्या आहे, ग्लेनिसबाई?"

"राजकन्या खांद्यावर बसलीय. तिच्यासाठी घाल."

त्याने घातले. तीन आठवडे काम सोडलं. पुन्हा आला तेव्हा ग्लेनिसबाईने शाई अगदी बेताची घेतली आणि मी माझं सगळं कसब ओतलं. चाळीस वर्षांत इतके सुंदर ठसे माझ्यावरून उमटले नव्हते. त्याच ठशांवरून तेवीस वर्षांनी तो जुना गुन्हा सापडला. पत्र आलं: गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस या कामाला कायमचा अपात्र.

"हॅस्केलसाहेब म्हणाले होते, नोंद पुसली जाईल," वेंडेल म्हणाला.

"त्याला वेगळा अर्ज करावा लागतो. आता केलास तर वर्षं जातील. त्यांनी सांगितलं नाही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी डार्ला आली. वीस वर्षांची. "माझे ठसे घ्या. तिला आंघोळ मी घालते. फिट आली की मीच धरते." ग्लेनिसबाईने कार्ड देणाऱ्या विभागाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"वय?" पलीकडून विचारलं.

"वीस वर्षं, चार महिने."

"मग आठ महिन्यांनी अर्ज करा. आणि बहीण चालत नाही. कायदेशीर पालक लागतो."

"तिचा बाप जिवंत आहे."

"मग बापाने पालकत्व सोडावं."

"आणि तोवर फिट येत राहिल्या तर?" डार्लाने विचारलं.

"तो प्रश्न आमच्या विभागाकडे येत नाही."

वेंडेलने पालकत्व सोडलं. कोर्टात द्यायच्या कागदावर त्याने माझ्याच शेजारी, या काउंटरवर सही केली. साक्षीदार ग्लेनिसबाई. "मी या मुलीचा सांभाळ करण्यास अपात्र आहे," असं त्यावर छापलेलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "अपात्रच्या जागी दुसरा शब्द नाही का?" ग्लेनिसबाईने नकारार्थी मान हलवली.

मग आठ महिने सगळे थांबले. फिट थांबल्या नाहीत. सहाव्या महिन्यात एक फिट चाळीस मिनिटं चालली. त्यानंतर टेसी कचेरीत आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, बोटही ठेवलं. पण "काळी" म्हणाली नाही. ती आता काहीच म्हणत नाही.

एकविसाव्या वाढदिवशी सकाळी आठ वाजता डार्ला दारात हजर होती. ठसे झाले, कार्ड आलं, तेल सुरू झालं. आता आठवड्यातून दोनच फिट येतात. तेल आणायला डार्ला चाळीस मैलांवर जाते.

"प्रुइटची पोरगी माझ्याकडे का येत नाही?" हॅस्केलसाहेबांनी एकदा ग्लेनिसबाईला विचारलं. "सवलत देईन म्हणावं."

"जाते की तुमच्या दारावरून. हॉर्न वाजवते तो ऐकू येत नाही?"

तेलाची बाटली कुलपाच्या पेटीत असते आणि किल्ली डार्लाकडे. बापाने बाटलीला हात लावला तर डार्लाचं कार्ड जातं. ती कामावर असताना फिट आली, तर तो टेसीला मांडीवर घेतो आणि पेटीकडे बघत तिला फोन लावतो.

मित्रांनो, मला जपा, मला पुसून ठेवा, असं मी विनवणार नाही. मला भंगारात टाका. पण उद्या तुम्ही कुठल्या खुर्चीत बसाल आणि वयाचा आकडा लिहाल, तेव्हा त्या आकड्याच्या अलीकडे कोण तडफडतंय ते उठून, जाऊन बघा.

आणि तुम्ही, नियम करणारे. तुम्हाला मी माफ करणार नाही. जे तेल डार्लाच्या हातून एकवीस वर्षांच्या सकाळी चाललं, ते वीस वर्षं चार महिन्यांना का चाललं नाही? अकरा झाडं लावणारा बाप अपात्र, आणि त्याला आत टाकून तेच झाड विकणारा पात्र, हे कोणी ठरवलं? टेसी बोलायची. आठ महिने तुम्ही कशाची वाट बघत होतात, उत्तर द्या.