कानांसाठी गाडी

गावोगाव फिरून कानाची मशीनं बसवायची नोकरी मला मिळाली तेव्हा घरात मशीनबद्दल कुणी अवाक्षरही काढलं नाही. सगळं बोलणं गाडीवर. कंपनीच्या पत्रात होतं, महिन्याला तीन हजार किलोमीटरच्या वर फिरती, गाडी स्वतःची, दरमहा ठरलेला गाडीभत्ता, शिवाय किलोमीटरमागे वेगळे पैसे. रायमनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते पत्र तीनदा वाचलं. तो टायरच्या दुकानात काम करतो. गाड्यांच्या बाबतीत आमच्या पेनामपांग गावात त्याचा शब्द चालतो, निदान त्याला तसं वाटतं.

"पिकअप," तो म्हणाला. "डिझेलची, चारही चाकं ओढणारी. तांबुनानचा घाट, सूकचा चिखल, नाबावानची खडी. तिथे बुटकी गाडी नेलीस तर दर आठवड्याला तुला ओढून आणायला मीच."

"आणि रविवारी तुझी मासेमारीची मंडळी मागच्या हौद्यात."

"ते आपोआप होतं गं. त्यासाठी घेत नाही कुणी."

खरं सांगायचं तर मलाही पिकअपच हवी होती. गाड्यांच्या शोरूममध्ये तिच्यावर चढून बसले आणि रस्ता एकदम खाली गेला. आजवर सगळ्यांकडे मान वर करून बघत आले होते, आता सगळे माझ्याकडे बघतील, असं वाटलं. नाव नोंदवलं. सही करण्याआधी एक दिवस चालवून बघा, शोरूमवाले म्हणाले, म्हणून मी तांबुनानचा घाटच निवडला. त्या दिवशी गिंबाद अंकल तिकडे जाणार होते. त्यांचीच जागा मला मिळाली होती. एकवीस वर्षं हेच काम करून ते महिनाअखेर घरी बसणार होते.

त्यांची गाडी बघून मला हसू आलं. जुनी, बसकी, पेट्रोलची. रंग उडून दुधाळ चहासारखा झालेला. पाच लाख किलोमीटर झाले होते म्हणे.

"लिडविना, तू पुढे हो," ते म्हणाले. "तुझी गाडी मोठी. मला वाट करून दे."

लहानपणी त्या घाटातून मी बसने गेले होते, पण दर वेळी आईच्या मांडीवर झोपून. स्वतः चालवत पहिल्यांदाच. वरच्या वळणांवर ढग आडवा रस्त्यावर आला होता. त्यात शिरले, दहा मिनिटं फक्त पांढरी रेघ दिसत होती, आणि मग एका वळणाला ढग खाली राहिला. डोंगरामागे डोंगर, निळ्यावर निळा, आणि सगळ्यांच्या बुडाशी ढग साचलेले. कड्यावरून झाडाएवढाले नेचे रस्त्यावर वाकले होते. मी गाडी बाजूला घेतली. अंकलही थांबले, काच खाली करून म्हणाले, "बघ, बघ. एकवीस वर्षं झाली, मी अजून थांबतो इथे."

गाव घाटाच्या पलीकडे, भातखाचरांच्या कडेला. भाताच्या गिरणीशेजारच्या दुकानासमोर ऐसपैस जागा होती, तिथे मी पिकअप लावली. अंकल मात्र आपली गाडी पन्नास पावलं खाली घेऊन गेले, बांबूच्या बेटाआड, सावलीत. मला वाटलं, बिचारे, जुन्या गाडीची लाज वाटत असेल.

पहिलं गिऱ्हाईक लुमासिन आकी, म्हणजे आजोबा. पंच्याहत्तरीचा म्हातारा, पाठ बांबूसारखी सरळ. बायको सिनिम ओडू, म्हणजे आजी, त्यांना दंडाला धरून घेऊन आली. आकी सोंपोतोन बनवतात. वाळक्या भोपळ्यात आठ बांबूच्या नळ्या मेणाने बसवलेलं, तोंडाने वाजवायचं वाद्य. नऊ वर्षांपासून कान गेले होते. बनवणं काही थांबलं नव्हतं.

"तपासायचं कुठे?" मी विचारलं. "घरात?"

सिनिम ओडू हसत सुटली. "घरात? अगं, भिंतीला लागून भाताची गिरणी, मागे बाविसाव्या वर्षापासून गाणं शिकणारा पुतण्या, आता तो चाळिशीचा आहे, आणि अंगणात अकरा कोंबडे!"

"आज लिडविनाच्या गाडीत करू," अंकल म्हणाले. चेहरा अगदी साधा.

आकींना मागच्या सीटवर बसवलं. दारं लावली, इंजिन बंद, एसी बंद. कानांवर हेडफोन चढवले. बारीकसा सूर ऐकू आला की बोट वर करायचं, एवढंच. अंकलनी आवाज मोजायचं यंत्र माझ्या हातात दिलं. आकडा अठ्ठेचाळीस डेसिबलच्या खाली येईना. आकींचं बोट मात्र वर, खाली, वर, खाली, एका तालात. मी अजून एकही सूर सोडला नव्हता.

"ऐकू येतंय की यांना!" मी म्हणाले.

"गिरणी," अंकल म्हणाले. "सीटमधून पाठीला लागतेय. ते गिरणीला हो म्हणतायत."

मग आम्ही बांबूच्या बेटाआड गेलो. अंकलनी आधी एसी लावून गाडी गार करून ठेवली होती. आम्ही चौघं आत बसलो, त्यांनी इंजिन बंद केलं आणि एकेक करत चारही दारं ओढून घेतली.

गाव गेलं. गिरणी गेली, गाणं गेलं, कोंबडे गेले. पाण्यात बुडी मारल्यावर कसं होतं, तसं. काचेबाहेर एक कोंबडा मान ताणून आरवत होता आणि त्याची फक्त चोच उघडलेली दिसत होती. माझ्या हातातला आकडा घसरत छत्तीसवर आला. मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"अंकल, हे काय केलंय तुम्ही?"

"दारांना दुहेरी रबर. दर वर्षी बदलतो. पायाखाली जाड लोकरीचा नमदा, छतात नमदा. इंजिन कुणीही सांभाळतं गं, दारं कोणी सांभाळत नाही. भत्ता रस्त्यासाठी मिळतो खरा, पण गाडी लागते ती पोचल्यावर."

या वेळी आकींचं बोट शहाण्यासारखं वागलं. पुष्कळ वेळ खाली, मग वर. मग पुन्हा खाली. पाऊण तास अंकल कागदावर ठिपके जोडत होते. मधून मधून दारं उघडून वारा घेत, पुन्हा लावत. शेवटी त्यांनी दोन्ही मशीनं आकींच्या कानांमागे बसवली, वायरीने लॅपटॉपला जोडली आणि सुरू केली.

आकी दचकले. इकडे तिकडे बघायला लागले.

"कोण श्वास घेतंय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी श्वास रोखला. मग सोडला. मग हळूच पुन्हा घेतला, आणि तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला. "मीच का?" ते म्हणाले. "मी इतका मोठ्याने जगतोय?"

रोज लाखो माणसं श्वास घेतात, मी कधी कुणाला त्याकडे कान लावून बसलेलं पाहिलं नव्हतं.

सिनिम ओडू पुढच्या सीटवर वळून बसली होती. डोळे पुसत म्हणाली, "मेला, नऊ वर्षं मी मनाला येईल ते बोलले याला. आता तोंड सांभाळायला हवं."

आकींनी मान झटकन वळवली. "तुझा आवाज तुझ्या आईसारखा झालाय."

"झाली सुरुवात! गिंबाद, परत काढा ते."

आकी हसले, आणि आपल्याच हसण्याला पुन्हा दचकले. मग पिशवीतून त्यांनी त्याच आठवड्यात बनवलेला सोंपोतोन काढला. अंकलनी घाईघाईने लॅपटॉपवर काहीतरी बदललं. "हळू फुंका, आकी. पहिल्यांदा आहे."

आकींनी फुंकलं. त्या बंद गाडीत तो सूर मावेना. एका फुंकरीत चार-पाच नळ्या एकत्र बोलतात, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यासारखं. माझ्या दातांत, सीटच्या गादीत, काचेत, सगळीकडे तो होता. मग आकींनी एकेक नळी वेगळी वाजवून पाहिली, डोळे मिटून, परीक्षा घेतल्यासारखी.

"सगळे जागेवर आहेत," ते शेवटी म्हणाले. त्यांचाच विश्वास बसत नव्हता.

"पण आकी, ऐकू येत नसताना सूर लावले कसे?"

त्यांनी एका नळीचं टोक समोरच्या दातांवर टेकवलं आणि बोटाने त्यावर टिचकी मारली. "असे. दात खोटं बोलत नाहीत. पण दातांना गोड कळत नाही."

परत येताना घाटात पिकअपचं डिझेल इंजिन माझ्या कानांत धडधडत होतं. जाताना ते मला दमदार वाटलं होतं.

घरी रायमनशी दोन दिवस भांडण. "सही करायच्या दिवशी पिकअपला नाही म्हणते! आणि चिखलाचं काय?"

"डांबर संपतं तिथे अंकल थांबतात. माणसं खाली येतात त्यांच्याकडे. एकवीस वर्षं येतायत."

तीन शनिवार मी जुन्या गाड्यांच्या बाजारात घालवले. आत बसायचं, दारं लावायची, आवाज मोजायचं यंत्र मांडीवर ठेवायचं. विक्रेते वैतागले. एकाने विचारलंच, "ताई, चालवून नाही बघणार?"

"आधी उभी बघते."

निवृत्त मास्तरीणबाईंची नऊ वर्षं वापरलेली एक राखाडी गाडी सापडली. इंजिन बेताचं, दारं तिजोरीसारखी. ती मी सरळ रायमनच्या दुकानासमोर नेली, हवा भरायच्या पंपाच्या शेजारी लावली आणि त्याला आत बसवलं. दार ओढलं. सबंध दिवस त्याच्या डोक्यात घणघणणारा तो पंप नाहीसा झाला. रायमनने काचेतून पंपाकडे बघितलं, चालू आहे ना याची खात्री केली. मग उतरून टायर चाचपत म्हणाला, "जरा उंच टायर बसवतो हिला. तळ घासायला नको."

पहिल्या महिन्यात तीन हजार चारशे किलोमीटर झाले. सूकला डांबर संपतं तिथल्या बसथांब्यावर सहा जण वाट बघत होते. आतल्या गावांतून कुणी चालत, कुणी लाकडाच्या ट्रकवर बसून आलेले. शेवटी एक बाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आली, काखेत एक आणि हाताला धरलेली दोन पोरं. सासऱ्यांचं काम झालं, ते पोरांना घेऊन थांब्यावर जाऊन बसले. बाई गाडीतून उतरेना.

"काय झालं?"

"दोन मिनिटं बसू?" तिने खालच्या मानेने विचारलं. "दार लावून?"

मी बाहेर उभी राहिले. थोड्या वेळाने काचेतून डोकावले तर ती तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मी पुढच्या गावाची वेळ पुढे ढकलली आणि पोरांना बिस्किटं द्यायला गेले.