सान ल्विनचं पुण्य

पहिल्या भूकंपानंतर आमच्या पॅगोड्याची कमान सान ल्विन ठेकेदाराने दुरुस्त केली. म्हणजे आत राडारोडा कोंबला आणि वरून गिलावा फासला. दुसऱ्या भूकंपात शेकडो वर्षांच्या जुन्या भिंती जागच्या हलल्या नाहीत, त्याची कमान तेवढी कोसळली. तिच्याखाली माझी पोर थिन्झा लाखेच्या डब्या विकायला बसली होती.

वर्षही उलटलं नाही आणि हा मेला शिखरावर सोन्याचं छत्र चढवायला आला. पापाचा घडा भरला की आमच्याकडची श्रीमंत माणसं असंच काहीतरी चढवतात. पण दान दिलं की भागत नाही. दात्याने पाणी ओतत पुण्य वाटायचं आणि लोकांनी तीनदा 'साधू', म्हणजे 'भलं झालं', म्हणायचं. कुणीच म्हटलं नाही, तर ते पुण्य कुणाला पोचत नाही.

म्हणून मी आदल्या दिवशी घरोघर फिरले. त्याचा भात, डुकराचं कालवण खुशाल हाणा म्हटलं, फक्त साधू म्हणू नका. सगळ्यांनी शब्द दिला. थिन्झाला सगळ्यांनीच खांदा दिला होता.

छत्र वर चढलं. भंतेंचं पठण सुरू झालं. सान ल्विन गुडघ्यांवर बसून झारीतून वाडग्यात थेंब थेंब पाणी ओतू लागला. आईबापांना पुण्य दिलं, गावाला दिलं. मग त्याचा आवाज चिरकला.

"आणि कमानीखाली गेलेल्या थिन्झाला. तिने हे घ्यावं आणि सुटावं."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मी तोंड उघडलं असतं, तर पाठोपाठ सगळे म्हणाले असते. तो खरंच रडत होता, हे मला दिसत होतं. त्याचा मला जास्तच राग आला. मी ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत राहिले. पाणी संपलं तरी तो रिकामी झारी वाकडी धरून बसला होता. कुणी चकार शब्द काढला नाही. इतकं समाधान मला वर्षभरात मिळालं नव्हतं.

घरी जाताना चो मार वहिनी माझ्यासोबत होती.

"त्याची जिरवलीस, बरं केलंस," ती म्हणाली. "पण पोरीच्या वाट्याचंही गेलं गं. ती अजून तिथेच कमानीपाशी भटकत असेल."

"असू दे," मी म्हटलं. "त्याच्या हातचं घेऊन सुटण्यापेक्षा थांबेल ती. माझीच लेक आहे."