अमावस्येचा बर्थ

साल दोन हजार पंचवीस. दिवाळी उलटून गेली होती आणि कार्तिकातला गारठा पुणतांब्यात नदीकडून वर सरकू लागला होता. त्या दिवसांत मनकर्णाबाईंना घरात पळभर बसवत नव्हतं. तव्यावर भाकरी टाकायच्या आणि नातीच्या खोलीत डोकावायला जायच्या. करपल्याचा वास आला की पुन्हा स्वयंपाकघरात.

घोर होता बनुबाईचा. ही पाठची बहीण, इटारसीला रेल्वेतल्या माणसाला दिलेली. तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन एका शनिवारी सकाळी ठरलं होतं आणि तिनं फोनवर सांगून टाकलं होतं, "मने, तू आल्याबिगर मी आत जायची न्हाई. डाक्टरला बी सांगितलंय तसं." नुसतं बोलायचं म्हणून बोलणारी ती नव्हती. अकोल्याला माहेरी असताना रानातल्या एका पाडसापायी दोन दिवस अन्नाला न शिवलेली पोर ती हीच.

तिकीट मात्र निघत नव्हतं, आणि त्याला जबाबदार स्वतः मनकर्णाबाईच. पंधरा दिवसांपूर्वीच निकितानं, त्यांच्या नातीनं, मोबाईल पुढं धरला होता.

"आजी, कोपरगावहून थेट इटारसी. स्लीपर सव्वातीनशे. काढू?"

"सव्वातीनशे? आमा म्हाताऱ्यांना निम्मं असतंय की."

"ते कोरोनात बंद झालं, आजी."

"मग थांब जरा. भाव उतरंल."

उभ्या जन्मात त्यांनी आठवडी बाजारातली मेथी-वांगी दिवस कलल्याशिवाय घेतली नव्हती. सकाळी तोऱ्यात असलेली बाई संध्याकाळी पाटी माघारी न्यायला नको म्हणून वर चार वांगी घालते. गाडीचंही तसंच असणार. रिकामी बाकडी ओढत नेण्यापेक्षा देतील की स्वस्तात! रोज दिवेलागणीला त्या विचारायच्या, "उतरला का गं?" निकिता सांगून दमली की इथं भाव उतरत नाही, जागा तेवढ्या संपतात. आठवड्यानं स्लीपरला वेटिंग लागलं.

मग निकितानं तारीख मागंपुढं करून पाहिली, मनमाडला गाडी बदलून पाहिली. कुठं अर्ध्या वाटेपर्यंतच जागा, तर कुठं गाडी शनिवारी दुपारी पोचणारी. मुलगा सुनील वैतागला. "आई, एसीचं काढतो. नऊशेनं काय घर बुडत नाही."

"मी काय दूध हाय का, गार डब्यात घालून पाठवायला?"

बोलून गेल्या खऱ्या, पण त्या संध्याकाळी एसीलाही वेटिंग लागलं. मग मात्र त्या अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिल्या.

रविवारी सकाळी निकिता ओरडतच आली, "आजी, गुरुवारच्या गाडीला जादा डबा लावलाय! स्लीपरच आहे, खालचा बर्थ!"

मनकर्णाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. गुरुवारच्या चौकटीत काळा गोल होता. अमावस्या. बहिणीच्या पोटाला सुरी लागायची आणि आपण अमावस्येला उंबरा ओलांडायचा? निकिताचं बोट मोबाईलवर थांबलेलं. मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. "काढ."

त्यावर तोड जुनीच होती. जायच्या दिवशी तिथी वाईट असली, तर आधीच्या चांगल्या दिवशी सामानातलं एक गाठोडं घराबाहेर, जायच्या दिशेला कुणाकडे तरी ठेवायचं. त्याला प्रस्थान म्हणतात. माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात. सोमवारी त्रयोदशी होती. कोपरगावच्या रस्त्याला, गावाच्या शिवेवर त्यांची मैत्रीण गोजरबाई एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडे मनकर्णाबाई गाठोडं ठेवून आल्या. त्यात तांदूळ, सुपारी, बनुबाईला घेतलेलं लुगडं आणि स्वतःचं आधार कार्ड. नावापुरतं ठेवून भागत नाही, वाटेत जे लागणारच तेच ठेवावं, असं सासूबाईंनी शिकवलेलं.

गुरुवारी सकाळी सुनीलची गाडी गोजरबाईंच्या दारात थांबली. दाराला कुलूप.

निकितानं फोन लावला. तो कुलपाआड घरातच वाजू लागला.

"आता टीसीला काय दाखवायचं?" सुनील म्हणाला. "मोबाईलवर निघतं ना आधार?"

"आजोबांच्या नंबरला जोडलंय, पप्पा. तो नंबर बंद झाला त्यांच्यामागं."

मनकर्णाबाई कडीला धरून उभ्या होत्या. अमावस्येनं डाव साधला होता. गाडीला पाऊण तास उरला होता.

"आई, घरी चल. बघू उद्या काहीतरी."

"उद्याला जागा हाय का? न्हाई ना?" त्यांनी कडी सोडली. "चल कोपरगावला. टीसी दंड घेईल नाहीतर उतरवंल. बनी थांबलीय तिकडं."

कोपरगावच्या फलाटावर, पाण्याच्या नळाशेजारी गोजरबाई मांडीवर गाठोडं घेऊन बसल्या होत्या.

"अगं बया, कुठं कडमडली हुतीस?"

"हितंच. डोळे दाखवायचे हुते दवाखान्यात, पहिल्या जीपनं आले. म्हनलं परस्थान माघारी न्यायचं न्हाई, म्होरं न्यायला कुनाची बंदी हाय?"

"आन् मोबाईल?"

"त्यो चार्जिंगला लावलाय की!"

मनकर्णाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचा पदर डोळ्यांकडे गेला. तेवढ्यात गाडी आली.

शुक्रवारी दवाखान्यातल्या खाटेवरून बनुबाईनं विचारलं, "मने, अमावस्येची निघालीस?"

"न्हाई गं. सोमवारीच निघाले."

बनुबाईची गाठ साधी निघाली. चैत्रात ती पुणतांब्याला येऊन महिनाभर राहिली आणि रोज कैरीच्या डाळीत मीठ कमी म्हणून भांडली. निकिताला नाशिकला नोकरी लागली. आजीचं आधार तिनं जाण्याआधी आपल्या नंबरला जोडून दिलं. सुनील अजून त्या नऊशे रुपयांवरून आईला चिडवतो. गोजरबाई मात्र माघात झोपेतच गेल्या. त्यांच्या घरात आता दुधाच्या टेम्पोवाल्याचं बिऱ्हाड आहे.

मनकर्णाबाई हल्ली दोन महिने आधी तिकीट काढायला लावतात, भाव विचारत नाहीत. कॅलेंडर मात्र आधी बघतात. वाईट तिथी टाळूनच तारीख धरतात, कारण गाठोडं ठेवावं असं त्या रस्त्याला आता कुणी उरलेलं नाही.