अस्पष्ट ठसे

तिसऱ्यांदा नकार आला तेव्हा चिमीच्या हातात वरच्या जबड्याची कवळी होती. कुण्या आजोबांची. समोरचे दोन दात जरा वाकडेच बसवा, पहिले होते तसेच दिसले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट होता. एका हाताने कवळी सांभाळत तिने दुसऱ्या हाताने फोन उघडला. मजकूर तोच: ठसे अस्पष्ट. अर्जदाराने पुन्हा ठसे द्यावेत.

"गेलं खड्ड्यात," ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावर प्लास्टर कालवणाऱ्या बाईने दचकून वर पाहिलं.

चिमी हे तिचं घरातलं नाव. अडतिसावं लागलं तरी ते सुटलं नव्हतं, आणि लग्नानंतर नवऱ्यानेही तेच उचललं. दोघांची ओळख झाली, लग्न झालं, संसार झाला तो याच शहरात. दोघंही इथे परकेच. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. फरक एवढाच, की नवऱ्याचे आईवडील तो पाळण्यात असतानाच तिसऱ्या एका देशात जाऊन स्थायिक झाले होते, त्यामुळे त्याचा पासपोर्ट तिकडचा. नऊ वर्षं या फरकाने काही बिघडलं नाही. मग नाना, म्हणजे तिचे सासरे, न्हाणीघरात घसरून पडले आणि खुबा मोडला. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात दुसरं कुणी नाही. दोघांनी एका संध्याकाळी ठरवून टाकलं, की तिकडेच जाऊन राहायचं.

ठरवायला एक संध्याकाळ लागली. जायला नवऱ्याला एक तिकीट पुरलं असतं. चिमीला मात्र पत्नी म्हणून कायमचा व्हिसा हवा होता, आणि त्याच्या फायलीला आता अकरावा महिना लागला होता.

लग्नाचा दाखला झाला, जन्माचा झाला, भाषांतरं झाली, भाषांतरांवरचे शिक्के झाले. लग्न खरं आहे हे दाखवायला नऊ वर्षांचे फोटो झाले. दोघं एकत्र राहतात याचे पुरावे झाले. त्यावर वकिलातीचं पत्र आलं, की नवरा आपल्या देशात परत जाऊन राहणार आहे हे आधी सिद्ध करा, तो अजून इथेच कसा?

"म्हणजे मी तुझ्याबरोबर इथेही राहायचं आणि तिकडेही राहायचं," नवरा म्हणाला होता. "कमरेपासून खालचा भाग पाठवून देऊ का?"

तेव्हा दोघं हसली होती. आता हसू येत नव्हतं, कारण सगळं अडलं होतं पोलिसांच्या दाखल्यावर. इथे इतक्या वर्षांत चिमीने काही गुन्हा केलेला नाही एवढंच त्यात लिहायचं होतं. त्यासाठी दहा बोटांचे ठसे हवे होते, आणि तिच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते. दरम्यान वैद्यकीय तपासणी करून झाली होती. ती सहाच महिने चालते, आणि त्यातले सहा आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ठसे घेण्याच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या बाईने तिची बोटं एकेक करून पुसली, काचेवर दाबली, डावीकडून उजवीकडे लोळवली. पडद्यावर दहाच्या दहा चौकोन लाल.

"तुम्ही काम काय करता?"

"कवळ्या बनवते. घासते, पॉलिश करते."

"तरीच. झिजलीत सगळी." भाजीवाली निवडून टाकलेली वांगी दाखवते तशी तिने चिमीची बोटं उजेडाकडे धरली. "तीन आठवडे काम बंद करा. भांडी नाही, धुणं नाही. रोज क्रीम चोळा. रेषा परत येतात."

"आणि नाही आल्या तर?"

"येतात," बाई म्हणाली आणि तिने पुढचा नंबर पुकारला.

लॅबच्या मालकीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांनीही कपाळावर हात मारला. तोंडात दात नसलेली माणसं रांगेत होती, त्यांना काय सांगायचं? शेवटी त्यांनी चिमीला पुढच्या खोलीत बसवलं, फोन घ्यायला आणि ऑर्डरी लिहायला. हातात पातळ सुती मोजे, आत क्रीम थापलेलं. पेन सटकायचं. तिकडे आत तिच्या टेबलावर नवीन आलेली पोरगी दाढा घासायची, आणि यंत्राच्या नुसत्या आवाजावरून चिमीला कळायचं की ही फार दाबतेय. दिवसातून चार वेळा ती उठून दारापर्यंत जायची आणि परत येऊन बसायची.

घरी नवऱ्याने सगळं अंगावर घेतलं. स्वयंपाक, भांडी, केर. वीस मजल्यांची लिफ्ट चालू करणारा माणूस वॉशिंग मशीनपुढे डोकं खाजवत उभा राहायचा. तिचे केससुद्धा तोच धुवायचा. ती टबाच्या काठावर मान टाकून बसायची आणि तो जाडजूड बोटांनी शांपू चोळायचा.

"अरे, केस आहेत ते, तारा नाहीत."

"तारा बऱ्या. ओरडत तरी नाहीत."

हे दिवस, खरं तर, तसे वाईट नव्हते. पण रोज दुपारी नानांचा फोन यायचा.

"सूनबाई, माझ्यापायी घाई करू नका," नाना म्हणायचे. "वॉकर घेऊन मी आता स्वयंपाकघरापर्यंत जातो. शेजारीण डबा देते. तिच्या हाताला मीठ नाही, पण मन चांगलंय."

आणि मग, फोन ठेवता ठेवता, हळूच: "काही कळवलं का त्यांनी?"

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी फोन आला तो शेजारणीचा. नाना वॉकरसकट पडले होते. हाड शाबूत होतं, पण पुरते दोन तास जमिनीवर पडून होते, आणि कुणाला सांगू नका म्हणून त्यांनी तिला शपथ घातली होती.

"तू आजच्या आज निघ," चिमी म्हणाली.

"आणि तू?"

"माझं काय? मी बोटं वाढवत बसते."

"चिमे, आठच दिवस राहिलेत. तुझे ठसे झाले की..."

"झाले की काय? मग दाखला, मग तारीख, मग आणखी काहीतरी! अकरा महिने 'झालं की' ऐकतेय मी!" तिने हातातले मोजे ओढून काढले आणि भिरकावले. एक मोजा सोफ्यामागे गेला. "या बोटांनी मी नऊ वर्षं काम केलं. अख्खं शहर माझ्या दातांनी जेवतंय. आणि आता म्हणे ही बोटं माझी आहेत हेच कळत नाही!"

नवऱ्याने सोफा सरकवला, मोजा काढला, झटकला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. सकाळी त्याने बॅग भरली. विमानतळावर त्याने तिच्या हाताला हात लावला नाही, क्रीम पुसलं जाईल म्हणून मनगट धरलं. तेवढ्यानेही तिला रडू फुटलं.

तीन आठवडे संपल्यावर ती गेली, तेव्हा खिडकीत तीच बाई होती. एक चौकोन हिरवा झाला. दुसरा, तिसरा. आठ हिरवे. मग दोन्ही अंगठे: लाल. पुसले, दाबले, लोळवले. लाल.

"आठ तर आलेत," चिमी म्हणाली.

"दहा लागतात. यंत्र घेतच नाही. आणखी तीन आठवडे..."

"नाही."

"काय नाही?"

"मी उठणार नाही."

चिमी तशी भांडखोर नव्हती. रांगेत कुणी पुढे घुसलं तर ती एक पाऊल मागे सरायची. पण आता तिने खुर्चीचे हात धरले आणि आवाज चढवला. "ज्यांना हातच नाहीत त्यांना काय सांगता तुम्ही? हात उगवले की या? गवंडी नाहीत या शहरात? धुणीभांडी करणाऱ्या बायका नाहीत? त्या सगळ्या कुठे जातात? तुमच्या साहेबांना बोलवा!"

आतून साहेब आले. चष्मा कपाळावर, हातात अर्धं सँडविच. त्यांनी पडदा पाहिला, तिचे अंगठे पाहिले, खालचा खण ओढला आणि एक कागद काढला. एकच पान. 'व्यवसायामुळे ठसे झिजलेल्या अर्जदारांसाठी.' तीन वेळा ठसे नाकारले गेले असतील, तर अधिकाऱ्याने सही करायची आणि नाव व जन्मतारखेवरून तपास करून दाखला द्यायचा.

चिमीने तो कागद दोनदा वाचला.

"हा पूर्वीपासून आहे?"

"असतोच."

"मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत? तेव्हाच तीन नकार झाले होते. मी काम सोडून बसले. माझे सासरे दोन तास जमिनीवर पडून होते."

साहेबांनी खिडकीतल्या बाईकडे पाहिलं. बाईने पडद्याकडे पाहिलं.

"तुम्ही विचारलं नाही," साहेब म्हणाले. आवाजात खोडसाळपणा अजिबात नव्हता, हेच तिला जास्त लागलं.

दाखला नवव्या दिवशी आला. वकिलातीने मुलाखतीची तारीख दिली, ती नेमकी वैद्यकीय तपासणीची मुदत संपल्यानंतरच्या आठवड्यातली. तपासणी पुन्हा. डॉक्टर तेच, प्रश्न तेच. गेल्या सहा महिन्यांत तब्येतीत काही फरक?

"डोकं फिरलंय," चिमी म्हणाली. "बाकी तेच."

डॉक्टरने 'फरक नाही' असं लिहिलं.

मुलाखतीला ती एकटीच गेली. काचेपलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने फाइल चाळली आणि विचारलं, "पती कुठे आहेत?"

"तुमच्या देशात. त्यांच्या वडिलांजवळ."

"म्हणजे सध्या तुम्ही एकत्र राहत नाही."

चिमीने पिशवीतून वकिलातीचं जुनं पत्र काढलं, काचेखालच्या फटीतून आत सरकवलं आणि म्हणाली, "पतीने परत जावं असं तुम्हीच लिहिलंत. ते गेले. आता का गेले म्हणून विचारू नका."

अधिकाऱ्याने पत्र वाचलं. खालची सही त्याच्याच कार्यालयाची होती. त्याचे कान जरा लाल झाले. त्याने आणखी एकच प्रश्न विचारला, सासऱ्यांची तब्येत कशी आहे, आणि तो त्या फाइलसाठी होता की नुसताच, हे तिला कळलं नाही. मग शिक्का.

सगळं मिळून सहा मिनिटं. बाहेर येऊन ती बसस्टॉपवर बसली आणि आनंद होण्याची वाट पाहू लागली. आनंद काही येईना. आली ती चीड, अंगभर. समोरून तिची बस निघून गेली तरी ती उठली नाही.

तिने फोन लावला. उचलला नानांनी.

"मिळाला, नाना."

नानांनी घसा खाकरला. "बरं झालं. तुझा नवरा रोज मला व्यायामाला उठवतो गं. फार जाच करतो. तू आलीस की त्याला सांग काहीतरी."

मग फोन नवऱ्याकडे गेला. तो हसत होता, रडत होता, काहीतरी भराभर बोलत होता. "संपलं, चिमे. आता विसरून जा सगळं."

"नाही विसरणार," ती म्हणाली. "मला काही दिवस चिडू दे."

"चीड ना. पण इकडे येऊन चीड. मी समोर असतो."

लांबून पुढची बस येताना दिसली. "गुरुवारचं तिकीट बघ," ती म्हणाली, आणि पास काढायला पिशवी चाचपू लागली.