पिवळं झबलं

भावाने गाठोडं लॉन्ड्रीच्या ओट्यावर ठेवलं. "ताई, सगळी झबली धुऊन ठेव. अनाथाश्रमात देऊन टाकू. तुझी वहिनी दिवसभर ती नाकाला लावून बसते. अशाने माणूस सावरणार कसं?" एवढं बोलून तो कामावर निघून गेला.

बाळ जाऊन महिनाही झाला नव्हता. ताईने टबात कोमट पाणी घेतलं, पावडर कालवली आणि झबली बुडवली. जरा वेळाने वहिनी धापा टाकत आली. पायांत दोन तऱ्हेच्या चपला.

"वन्सं, पिवळं कुठंय? छातीवर डाग असलेलं? शेवटचं दूध त्याने त्यावरच ओकलं होतं."

ताईचा हात पाण्यातच थबकला. "भिजवलं गं."

"मग काढा की."

"नुसतं काढून भागत नाही. या पावडरीत एन्झाइम असतं, ते धाग्यात शिरलंय. दुधातल्या प्रथिनांच्या साखळ्या तोडत सुटतं. भांडणं लावणाऱ्या शेजारणीसारखं. दोघांना तोडायचं, आपण धड राहायचं, की चाललं पुढच्या घरी. म्हणून तर चिमूटभर पुरतं."

वहिनीच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. "ते नसतं, तर डाग राहिला असता?"

"कधीतरी विरलाच असता. पण वर्षं लागली असती. हे नुसती घाई करतं."

"मला कुठे घाई होती, वन्सं?"

लॉन्ड्रीत नव्या आलेल्या बायकांना ताई पहिल्याच दिवशी बजावायची, दुधाच्या डागावर कढत पाणी घालाल तर खबरदार. एन्झाइम मरतं आणि डाग कायमचा बसतो. आज तिने मनात देवाचं नाव घेतलं, पिवळं झबलं परातीत पसरलं आणि उकळतं आधण त्यावर ओतलं.

डाग राहिला. फिकट, तपकिरी, तळहाताएवढा.

निवल्यावर वहिनीने झबलं पिळून नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. नुसत्या पावडरीचा वास. डागाच्या नादात वासाचं ताईच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अगं, मी..."

"असू दे, वन्सं. डाग राहिला ना."

वहिनीने ते ओलंच छातीशी धरलं, मान सावरायला एक हात वर ठेवून. ताईने तिकडे पाहिलं नाही. टबात उरलेल्या झबल्यांत तिने पुन्हा हात घातला. पाणी अजून कोमटच होतं.