रुक्माच्या हजेरीची झेंडी

“बाई, तुमच्या कॉलेजात बहिरी मुलगी आली, तर तिची हजेरी कशी घ्याल?”

अख्ख्या शाळेसमोर रुक्माने हा प्रश्न विचारला. विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. पैज रुक्माने जिंकली आणि गोत्यात आले मी!

मी म्हणजे कोण? मित्रांनो, मी एक जुनी हिरवी झेंडी आहे, गार्डाच्या हातातली. गोंदियाहून नागभीडला जाणाऱ्या लहान गाडीवर मी अकरा वर्षं नोकरी केली. रेल्वेच्या कोठीतल्या शिंप्याने मला शिवलं, काठीवर चढवलं आणि गार्ड दुलीचंद यांच्या हाती दिलं. काम एकच. मी हलले की गाडी निघायची. एवढं मोठं धूड माझं ऐकायचं, मला केवढी ऐट होती म्हणून सांगू! मग उन्हाने माझा रंग उडाला. साहेब म्हणाले, “ही हिरवी आहे का पांढरी?” झालं, संपली नोकरी. रंग गेला तो गाडीच्याच कामात ना? मग शिक्षा मला का? ते मला अजून कळलेलं नाही.

दुलीचंदांनी मला टाकाऊ ढिगातून मागून घेतलं आणि घरी आणलं. त्यांची लेक रुक्मा. नवव्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. तिची माय धुरपताबाई दारातून हाका मारमारून थकायची. दुलीचंद मात्र मला हलवायचे. मी हलले की रुक्मा हातातलं सोडून निघायची. शाळेला चल, जेवायला चल, नागरा गावच्या देवळात चल. गाडी काय अन् रुक्मा काय, माझं काम तेच!

ओठ बघून तिला बरंचसं समजायचं. तरी लोक तिच्या कानाशी ओरडायचे. कायले ओरडता, बाप्पा? तोंड समोर करा ना! पण झेंडीचं कोण ऐकतं.

१९४६ साली ती मॅट्रिकच्या वर्गात होती. त्या हिवाळ्यात नागपूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या पुष्पाबाई शाळा पाहायला आल्या आणि तो प्रश्न झाला. बाई चपापल्या. मग म्हणाल्या, “खरं सांगू? मला माहीत नाही. उद्या मी इथंच कॉलेजसारखा तास घेते. जमलं, तर प्रिन्सिपलसाहेबांकडे तुझं नाव नेईन.”

रुक्माचं सगळं कॉलेज त्या एका तासावर येऊन थांबलं!

संध्याकाळी तिची मैत्रीण शामकला घरी आली. “मावशी, झेंडी द्या. नाव पुकारलं का मी हलवीन, रुक्मा ती पाहून समजेल अन् ‘हजर’ म्हणेल. पण तिले सांगू नका, उगाच घाबरून जाईल.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी नावं वाचायला घेतली. “रुक्मा दुलीचंद!” शामकलेने शेजारच्या बाकावरून मला हलवलं. मीही अंगात जोर आणून फडफडले. रुक्माने मला पाहिलं, वही मिटली, दप्तर उचललं आणि सरळ वर्गाबाहेर निघून गेली!

“सुटली वं, गाडी सुटली!” मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. वर्ग खदाखदा हसला. बाईंनी नावापुढे गैरहजेरी लिहिली. शामकलेच्या डोळ्यांत पाणी. मला तर काही सुचेना. मी बरोबर हलले, रुक्मा बरोबर निघाली, मग चुकलं कोण?

बाई बाहेर आल्या. पाठोपाठ मला घेऊन शामकला. रुक्मा व्हरांड्यात उभी होती.

“उठून का आलीस?” बाईंनी समोर उभं राहून विचारलं.

“झेंडी दिसली ना! मले वाटलं, घरून बोलावणं आलं. शामकला, तू ही कायले आणली?”

“तुह्या हजेरीसाठी.”

“मंग मले विचारलं काऊन नाही वं?”

शामकलेने मला पाठीमागे लपवलं. बाई म्हणाल्या, “आता मी विचारते. काय करू?”

रुक्माने आत जाऊन आपलं बाक ओढत पुढे आणलं, खिडकीचा उजेड बाईंच्या तोंडावर पडेल असं. “फळ्याकडे तोंड करून बोलू नका. जे सुटेल ते मी शामकलेच्या वहीतून उतरवीन. अन् हजेरीले माह्याकडे पाहा, मी हात वर करीन.”

बस, एवढंच! मला गुंडाळून ठेवलं. रुसावं का हसावं, तेच मला कळेना. तासात दोनदा बाई बोलता बोलता फळ्याकडे वळल्या, दोनदा रुक्माने बाकावर थाप मारली, आणि दोनदा बाई ओशाळून मागे फिरल्या. शेवटी त्यांनी गैरहजेरी खोडली. “नाव नेते. पण सोबत घरचं कोणी पाठवा, हिच्या वतीनं बोलायला.”

मित्रांनो, मदतीला जरूर धावा, पण ज्याला मदत करायची त्याला आधी विचारा. मी न विचारता धावले आणि भरलेलं बाक रिकामं केलं.

त्या दिवशी घरी हाच विषय. “तिच्या आत्याले पाठवू,” दुलीचंद म्हणाले. “आत्याले तिचं काय समजते? मीच जातो,” धुरपताबाई म्हणाल्या. रुक्मा कधी बापाचे ओठ पाही, कधी मायचे. शेवटी ती दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“बाबूजी, माय, मी नागपूरले जाणार. संग कोणी नाही. मले काय पाहिजे, ते मीच सांगीन.”